बारावी टाचणी

"हलू नकोस. टाचणी टोचेल."

हा आवाज तिच्या कानात शिरला तेव्हा ती दहा वर्षांची होती, आणि आज बेचाळिसाव्या वर्षीही तो तिथून निघालेला नाही. शाळेतून येऊन दप्तर टाकलं की बाहेर गल्लीत मुलांचा कालवा, आणि आत शिवणयंत्रामागून बाबांचा हा आवाज. ती स्टुलावर उभी राहायची. अंगावर कुणा धिप्पाड माणसाचा अर्धवट कोट, खाली घोट्यापर्यंत आलेला, बाह्या गुडघ्यांशी लोंबणाऱ्या. बाबा ओठांत टाचण्या धरून तिच्याभोवती फिरायचे. नाकावर माशी बसली तरी हात उचलायचा नाही. अर्ध्या तासाने ते म्हणायचे, "हं. जा आता." शाब्बास नाही की छान नाही. तोवर गल्लीतला खेळ संपून मुलं घरोघर पांगलेली असायची.

आता ती औषधांच्या दुकानात दिवसभर उभी असते आणि उरलेल्या वेळात रायफल धरून उभी असते. दोन वर्षांपूर्वी दुकानामागच्या क्लबात सहज म्हणून डोकावली, आणि उभ्याने नेम धरण्यात तिचा असा जम बसला की प्रशिक्षक थक्क झाले. "इतकं स्थिर उभं राहायला शिकलात कुठे?" ते महिन्यातून एकदा तरी विचारत. ती म्हणे, "काउंटरमागे उभी असते ना, सवय." बाबांचं नाव जिभेपर्यंत यायचं आणि परत फिरायचं. गल्लीतले ते बुडालेले खेळ मध्ये आडवे पडलेले असायचे.

घरच्या सरावाला दहा मीटर सरळ जागा लागे. ती मिळायची फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीपासून बाहेरच्या दारापर्यंत, मधली सगळी दारं उघडी टाकून. दारावर औषधाच्या लेबलाएवढा कागद, त्यावर काळा ठिपका. रायफल रिकामीच असे, पण त्या रेषेतून कुणी जायचं नाही असा घरचा कायदा होता. त्यामुळे तिचा नवरा रोज सकाळी बाथरूमला जाताना रांगत जाई. "लग्नात हे सांगितलं नव्हतं," असं तो जमिनीवरून म्हणे.

बाबा तीन वर्षांपासून तिच्याकडेच होते. हात कापायला लागल्यावर त्यांनी यंत्रावर चादर टाकली होती. सरावाच्या वेळी ते खुर्चीत बसून ठिपक्याकडे नाही, तिच्या कोटाकडे बघत. नेमबाजीचा तो कोट जाड कॅनव्हासचा, पुठ्ठ्यासारखा ताठ. क्लबातल्या एका आडव्या अंगाच्या बाईंकडून आलेला.

"हे काय घातलंयस? पोतं बरं याच्यापेक्षा."

"बाबा, तो असाच असतो."

"कोट असा नसतो," बाबा म्हणत, आणि भिंतीकडे तोंड करून बसत.

निवडचाचणीच्या रविवारी सकाळी, तीन दिवसांच्या विश्रांतीनंतर, शेवटचा सराव करावा म्हणून तिने कोट चढवला, तर बटणं लागेनात.

"अरे, जरा ये. मी जाड झालेय बहुतेक."

नवरा रांगत आला, उठून उभा राहिला, आणि तिच्या पोटावर गुडघा टेकवायचाच काय तो बाकी ठेवून त्याने पाचही बटणं लावली. तिने रायफल उचलली, आणि काय आश्चर्य! ठिपका जागचा हलेना. कोट अंगाला असा बिलगला होता की श्वाससुद्धा विचारून घ्यावा लागत होता. वीस वेळा घोडा दाबला, वीसही वेळा नेम जिथल्या तिथे.

तेवढ्यात प्रशिक्षकांचा फोन आला. "नऊला कोट तपासणी बंद. लक्षात आहे ना, कोट सैलच हवा. बटणाच्या पलीकडे चार बोटं कापड ओढता आलं पाहिजे. काल दोघींना बाहेर काढलं."

तिने बटणाशी ओढून पाहिलं. एक बोटही नाही. मग तिने मान वळवून कुशीची शिवण पाहिली. आतून घेतलेले टाके, मेण लावलेला दोरा. आणि टाके वाकडे होते. बाबांचा वाकडा टाका तिने जन्मात पहिल्यांदा पाहिला.

"बाबा!"

बाबा खुर्चीत ताठ बसले होते. चेहऱ्यावर अशी शांती, की जणू कुणीतरी आता हार घालणार आहे. "बसला की नाही अंगाला? तू दुकानात होतीस तेवढ्यात तीन दुपारी लागल्या. हात ऐकत नाही पहिल्यासारखा."

"बाबा, तो ढगळ असावा असा नियम आहे हो!"

"कुणाचा?"

"स्पर्धेचा!"

"कोट ढगळ असावा?" बाबांनी जावयाकडे पाहिलं. "जावईबापू, हे खरं आहे?"

"खरं आहे. छापलेलं आहे."

"शिंप्याला विचारलं होतं का छापताना?"

कापड मात्र कापलं नव्हतं. पन्नास वर्षांची सवय म्हणून त्यांनी ते आत दुमडून ठेवलं होतं. म्हणजे उसवलं की झालं. पण उसवायला कोट काढायला हवा, आणि बटणं निघेनात. नवऱ्याने ओढली, दाबली, शेवटी साबण लावून पाहिला. घड्याळात आठ वाजून दहा मिनिटं. रेंज शहराच्या दुसऱ्या टोकाला. आणि खालचा पायजमाही तसलाच ताठ, त्यामुळे तिला ना वाकता येई ना रिक्षात बसता. संघात सहाच जागा होत्या, आणि पुढच्या वर्षी वयाची मर्यादा लागू होणार होती. आज नाही तर कधीच नाही.

खाली गादीवाला शेजारी टेम्पोत गाद्या चढवत होता. त्याने वर पाहिलं. जिन्यावरून एक बाई फळीसारखी उतरत होती, मागे तिचे वडील, शिंपीमास्तर, टाचण्यांचा डबा घेऊन, त्यांच्या मागे रायफलची पेटी मिठीत घेतलेला नवरा.

"ताई, काय झालं? पाठ धरली?"

"कोट धरला. उभी राहून येऊ का तुझ्या टेम्पोत?"

गादीवाल्याने कसलाही प्रश्न न विचारता चार गाद्या रचून मास्तरांना बसायला आसन केलं आणि ताईंना दोरीने टपाच्या कांबीला सैलसर बांधलं. अशी माणसं शेजारी असावी लागतात.

मग भर बाजारातून ती मिरवणूक निघाली. टेम्पोत मधोमध पुतळ्यासारखी उभी ती, तिच्या कुशीशी चष्मा नाकावर घेतलेले बाबा. सिग्नल लाल झाला की बाबा उसवत, हिरवा झाला की कात्री वर धरून थांबत. जुनी शिवण सरकू नये म्हणून मोकळ्या झालेल्या भागात एकेक टाचणी टोचत. पुढून गादीवाला ओरडे, "मास्तर, खड्डा!" आणि बाबा दोन्ही हात वर करत. एका चौकात स्कूटरवरच्या बाईने विचारलं, "कुठल्या दुकानाची जाहिरात आहे?" नवऱ्याने खिडकीतून सांगितलं, "गाद्यांच्या."

"हलू नकोस," बाबा टाचण्यांतून पुटपुटले. "टोचेल."

टेम्पो हलत होता, रस्ता हलत होता, बाबांचा हात तर पानासारखा हलत होता. ती तेवढी हलली नाही. तिला जाणवलं, की तो हात कात्री टेकवण्याआधी दर वेळी क्षणभर तिच्या बरगडीवर आधाराला टेकतो. लहानपणी तिचा तोल जायचा तेव्हा हाच हात असा टेकायचा.

नऊला सात कमी असताना दुसरी कूस सुटली आणि पाचही बटणं आपोआप निघाली. बाबांनी भराभर टाचण्या काढल्या. तपासणीच्या बाईंनी बटणाशी कापड ओढलं, पट्टी लावली, मान डोलावली. "चालेल. चांगला ढगळ आहे."

"ऐका," बाबा जावयाला म्हणाले. "चांगला म्हणे."

साठ नेम, सव्वा तास. पहिल्याच नेमाला तिचा तोल केसभर डावीकडे गेला आणि कुशीत काहीतरी कचकन चावलं. ती सरळ झाली. चावायचं थांबलं. पुन्हा केसभर गेली, पुन्हा चावलं. पाचव्या नेमापर्यंत तिला सगळं कळून चुकलं. थांबून कोट काढता आला असता. तिने काढला नाही.

काचेपलीकडे बाबा डब्यातल्या टाचण्या मोजत होते. अकरा. पुन्हा मोजल्या. अकराच. ते ताडकन उठले.

"बाबा, खाली बसा. इथे बोलायचं नसतं," जावई कुजबुजला.

"अहो, बारा होत्या!"

"शू!" चार जण म्हणाले.

पुढचा तासभर त्यांनी डोळे मिटून काढला. हातातला डबा थरथरून इतका खुळखुळत होता की शेवटी जावयाने तो खिशात घातला.

ती सहावी आली. संघात सहाच जणी होत्या.

प्रशिक्षक धावत आले. "आज तर तुम्ही खांबच होतात! सांगा आता तरी, शिकलात कुठे?"

ती कोट काढत होती. तिने कुशीतून टाचणी ओढून काढली आणि बाबांच्या तळहातावर ठेवली.

"यांच्याकडे," ती म्हणाली. "काउंटरची सवय वगैरे खोटं होतं, सर. उभं राहायला मला बाबांनी शिकवलं. रोज अर्धा तास. मी कधी सांगितलं नाही, यांनाही नाही."

बाबांनी टाचणी डब्यात टाकली. झाकण लावायला दोनदा चुकले. परतीच्या टेम्पोत गाद्या उतरलेल्या होत्या. आता साध्या कपड्यांत ती त्यांच्याशेजारी खाली बसली, दुमडलेला कोट मांडीवर घेऊन.

"टोचली खूप?"

"हलले तेव्हाच."

"हं." त्यांनी कोटाची कूस अंगठ्याने चाचपली. "एक सांगू का गं? ते कोट घोट्यापर्यंत यायचे तुझ्या. दहा वर्षांच्या पोरीच्या अंगावर मोठ्या माणसाचं माप कुठला शिंपी घेतो? तुझ्या कधी डोक्यात नाही आलं?"

तिच्या डोक्यात खरंच नव्हतं आलं.

"मापं सगळी वहीत असायची," बाबा म्हणाले. "दिवसभर मी यंत्रावर. तू शाळेतून आलीस की पळायचीस गल्लीत. उभी केली की तेवढा अर्धा तास तू माझ्यासमोर असायचीस."