चिटणीस साहेबांची तपासणी

चिटणीस साहेब आमच्या रंगाच्या शेडमध्ये पहिल्यांदा आले आणि आल्या आल्या जमिनीवर पालथे झाले.

आम्हाला वाटलं, घेरी आली. "आरं पानी आना, सायेब पडलं!" आमचे मालक तात्या ओरडले. मी तांब्या घेऊन धावलो. बघतो तर साहेब गाल कोब्याला लावून नाकानं हुंगतायत.

"पाणी नको," ते तिथूनच म्हणाले. "वास घेतोय. थिनरची वाफ जड असते, खाली साचते. तुम्ही सगळे उभ्यानं वास घेता, म्हणून तुम्हाला काही कळत नाही."

उठले तेव्हा इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यावर हिरव्या रंगाचा पट्टा उमटला होता. त्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. आम्ही मात्र बघतच राहिलो. सरकारी साहेब खुर्चीत बसतो, चहा पितो, फार तर दटावतो, एवढंच आम्हाला माहीत.

ही पन्नास सालानंतरची गोष्ट. बारामतीत इंदापूर रस्त्याला तात्यांचा कारखाना होता. ऊस आणि गूळ वाहणारे ट्रक आमच्याकडे अंग सोलून यायचे आणि नवरदेवासारखे रंगून जायचे. मी तिथं हिशेब लिहायचो. कारखाने तपासायला चिटणीस साहेब पुण्याहून दौंडमार्गे रेल्वेनं यायचे, छत्री आणि पिशवी घेऊन, एकटेच.

त्यांचा सगळा भरवसा नाकावर. खुर्चीवर बसण्याआधी खुर्ची हुंगायचे. चहा हुंगायचे. कोणी चुकला की एकच प्रश्न, "नाक घरी ठेवून आलात का?" इंदापूरच्या एका कारखानदारानं त्यांना मोठ्या हौसेनं हार घातला, तर साहेब तो हुंगून म्हणाले, "हा रंगाच्या डब्यांशेजारी ठेवला होता. डबे उघडे का आहेत?" आमच्या तात्यांनी थिनरच्या पिंपाजवळ विडी पेटवली, तेव्हा साहेबांनी ती त्यांच्या ओठांतून काढली आणि तात्यांच्याच चहाच्या कपात बुडवली. तात्या कितीतरी वेळ कपाकडेच बघत होते.

पण खरा धक्का दुसऱ्या खेपेला बसला.

आमचा रंगारी भिकू. मूळचा वरकुट्याचा, धनगराच्या घरातला. शेडमागच्या खोलीत बायको हौसाबरोबर राहायचा. तोंडाला फडकं बांधून दिवसभर बंद शेडमध्ये रंगाचा फवारा मारायचा आणि काम संपलं की गुळाचा खडा तोंडात टाकायचा. "गूळ खाल्ला की रंग पोटात उतरतो," हे त्याचं औषध. खोकला मात्र काही केल्या उतरत नव्हता.

साहेब पहिल्या भेटीत सांगून गेले होते, भिंत फोडा, पंखा बसवा. तात्यांनी कानाआड केलं. साहेब परत आले त्याच दिवशी भिकू फवारा मारता मारता कोसळला होता. आम्ही त्याला उचलून बाहेर पायरीवर बसवलं होतं. ओठ राखेसारखे, शेजारी हौसा पदरानं वारा घालतेय.

साहेबांनी भिकूकडे पाहिलं, मग अजून धड असलेल्या भिंतीकडे.

"साहेब, भोक पाडलं तर धूळ आत येती," तात्या घाईनं म्हणाले. "ओल्या रंगावर धूळ बसली की गाडी गेली. आमच्या रंगात लोकं तोंड बघत्यात, तोंड!"

साहेबांनी छत्री माझ्या हातात दिली, कोपऱ्यातली पहार उचलली आणि भिंतीवर हाणली.

"साहेब! भिंत माझी हाय!"

"भिंत तुमची," पुन्हा एक घाव घालत साहेब म्हणाले, "छाती त्याची."

शेडमधल्या कामगारांच्या हातोड्या थांबल्या. सरकारी माणूस दुसऱ्याची भिंत फोडतोय, हे आमच्यापैकी कोणी ऐकलेलंसुद्धा नव्हतं. साहेबांचा चष्मा घसरला, पहार वाकडी पडायला लागली, विटेचा टवकादेखील धड निघेना. तात्या आधी लालबुंद झाले. मग त्यांची नजर पायरीवरच्या भिकूवर गेली. तो धापा टाकत होता.

"सरका तिकडं," तात्या म्हणाले. "तुमाला पहार धरता येत न्हाय." आणि स्वतःच्या हातानं त्यांनी भिंत पाडायला घेतली.

समोरासमोर दोन खिडक्या झाल्या. एकीत पंखा बसला, दुसरीवर साहेबांनी सांगितलेलं ओलं तरट आलं. धूळ तरटात अडकू लागली. भिकूला तात्यांनी पावसाळाभर फवाऱ्याला हात लावू दिला नाही, ट्रकवर नावं लिहायला बसवलं. हळूहळू खोकला उतरला.

त्या वर्षी भाऊबीजेला कारखाना बंद होता. मी पणती लावायला गेलो, तर दारापुढच्या फळीवर चिटणीस साहेब बसलेले.

"साहेब, आज? आज तर भाऊबीज."

"तपासणी," ते म्हणाले. मग कुलपाकडे बघून, "बंद कारखान्याचीसुद्धा करता येते."

आवाज ऐकून भिकू आणि हौसा मागून आले. "आवं सणाचं हितं काय बसलाय?" हौसा म्हणाली. "घरी कुनी वाट बघत असंल की."

"घरी कुलूप आहे," साहेब म्हणाले.

"भन?"

"होती."

हौसा वळली आणि खोलीत गेली. आतून पाट मांडल्याचा आवाज आला. "आत या, दादा," तिनं हाक मारली. मी थक्क झालो. साहेबाला दादा! साहेब तर दचकून उभेच राहिले.

"मी टोपी आणली नाही," ते कसनुसे पुटपुटले.

भिकूनं डोक्यावरचा पटका काढला आणि साहेबांच्या डोक्यावर ठेवला. तो कानांवर उतरला. तसेच ते पाटावर मांडी घालून बसले. हौसानं कुंकू लावलं, ओवाळलं, हातावर करंजी ठेवली.

"दर साली येत जावा," ती म्हणाली. "तपासनीला न्हाय. आसंच."

साहेबांनी करंजी न हुंगताच तोंडात टाकली. मग त्यांनी मान डोलावली, पुन्हा पुन्हा.