कँटीनमधला संप

चिंचवडची पंपांची कंपनी बंद पडून बरीच वर्षं झाली होती. तिथे आता उद्यान उभं राहिलं होतं, आणि ते दिपाली सुरवसे या आर्किटेक्ट बाईंनी उभं केलं होतं. भंगारवाले मशिनी उचलायला टेम्पो घेऊन आले, तेव्हा ती गेटात आडवी उभी राहिली होती. तिने एकही मशीन हलू दिलं नाही. उंच छपराखाली फुलझाडं लावली, क्रेन वर होती तशीच ठेवली आणि तिच्या सावलीत बाकं टाकली. पाहणाऱ्याचा पाय तिथून निघू नये, असं काम झालं होतं.

उद्घाटनाआधी महापालिकेचे साहेब पाहणीला येणार होते. त्याच सकाळी दिपालीने जुन्या कामगारांना बोलावलं. साहेबांच्या आधी त्यांनी बघावं, असं तिला मनापासून वाटत होतं.

धर्माजी चाकणकडच्या शेतकरी घरातले, युनियनचे जुने सेक्रेटरी. आपल्या प्रेस मशीनवर हात ठेवून ते कितीतरी वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "पोरी, आमी व्हतो तवा ही एवढी चकचकीत कवाच नव्हती."

तिथून मंडळी कँटीनमध्ये आली. टेबलं, बाकं, स्टीलचे पेले, सगळं जुनंच, फक्त मध्ये दोरी. धर्माजी दोरीखालून वाकून आत गेले आणि आपल्या नेहमीच्या जागेवर बसले. वॉचमन सुजित धावत आला. ही जागा बसायची नाही, बघायची आहे, असं त्याने समजावलं. धर्माजींनी त्याला चहा सांगितला. चहा नाही म्हटल्यावर निदान पाणी तरी घ्यावं म्हणून ते पेला उचलायला गेले. कुणी पळवू नये म्हणून पेले टेबलाला चिकटवलेले होते. पेला निघेना, धर्माजी सोडेनात. शेवटी तो निघाला, पण टेबलाच्या रंगाचा मोठा पोपडा घेऊन.

सुजितने सगळ्यांना बाहेर व्हायला सांगितलं. इथेच त्याचं चुकलं. याच कँटीनमधल्या चहासाठी ही माणसं एकेकाळी संपावर गेली होती.

"चहा आल्याबिगर आमी उठणार न्हाई," धर्माजी शांतपणे म्हणाले.

बाकीचेही बाकांवर बसले. मागून कुणीतरी जुनी घोषणा दिली, आणि इतक्या वर्षांचे गंजलेले गळे एकदम मोकळे झाले.

नेमके तेव्हाच साहेब दारात आले. दिपालीला वाटलं, आता उद्यान काही पास होत नाही. साहेब मात्र हात मागे बांधून ऐकत राहिले, आणि मग टाळ्या वाजवू लागले. तिला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, "मॅडम, हे कलाकार कुठून आणलेत?"

हे कलाकार नाहीत, इथलेच कामगार आहेत, असं तिने सांगितलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला. उद्यान जागच्या जागी पास झालं. अट एकच, हा संप दर रविवारी व्हायला हवा. धर्माजींनीही आपली अट घातली, की चहा खरा पाहिजे.

पहिल्या रविवारी गर्दी लोटली. धर्माजी आत शिरले, तर टेबलांवर वाफाळता चहा आधीच मांडलेला. दिपालीने स्वतः उभं राहून आलं घालून करून घेतला होता. धर्माजी पेचात पडले. समोर चहा असताना चहासाठी संप करायचा कसा? त्यांनी अदबीने तो परत पाठवला. मग मनसोक्त घोषणा झाल्या, लोकांनी डोळे पुसले, मागणी मान्य झाली आणि तोच चहा परत आला.

धर्माजींनी एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"गार हाय," ते म्हणाले.

त्या दिवशीचा खरा संप तिथून सुरू झाला. या वेळी पहिल्या बाकावर, कामगारांच्या रांगेत, साहेबही बसले होते.