दाऊदभाईंचा बांध

दाऊदभाई भाताला बांध घातल्याशिवाय जेवत नाहीत. बहरीनच्या गुदैबिया भागातल्या आमच्या खानावळीत ताट आलं की आधी भाताची गोल भिंत, तिच्या आत कालवण आणि कडेला बोटाने पाडलेली बारीक वाट. "ही उघाडी," ते वाढप्याला समजावतात. "जादा पाणी इथून बाहेर." वाढपी केरळचा. तो मान डोलावतो आणि पापड लांब ठेवतो.

ते माझे शेजारी, रायगडातल्या खाडीकाठच्या गावचे. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचा बांध घालायचा आणि जन्मभर तो राखायचा, हा त्यांच्या घराण्याचा उद्योग. दाऊदभाई इथे बहरीनला येऊन समुद्रात भराव घालणाऱ्या कंपनीत मुकादम झाले. "पाण्याला तोंड दिसलं की खलास," हे त्यांचं वाक्य सगळ्या बिल्डिंगला पाठ आहे.

एकदा पाऊस झाला आणि गल्ली भरली. दाऊदभाईंनी तांदळाच्या रिकाम्या गोण्यांत वाळू भरून आमच्या दाराशी बांध घातला. रस्त्याचं पाणी थेंबभर आत आलं नाही. पण गच्चीवरचं पाणी जिन्यातून उतरलं ते बाहेर जाईना, कारण घाईत उघाडी ठेवायची राहिली होती. तळमजल्याच्या दुकानातले कांदे तरंगत जिन्याशी आले.

"कांदे सुखरूप आहेत," दाऊदभाई म्हणाले.

अशा माणसाची मुलगी शाहीन हॉलंडला इंजिनियर झाली आणि बांध फोडू लागली. तिकडे म्हणे समुद्राचे काही जुने बांध मुद्दाम उघडतात. भरतीबरोबर गाळ येतो, खाऱ्या चिखलात गवत माजतं, ते लाटांचा जोर मोडतं आणि हवेतला कार्बन चिखलात मुरतो. हवामान बदलाला तोंड द्यायचं काम निसर्गाकडूनच करून घ्यायचं. शाहीनच्या आखणीने पहिला बांध आता उघडायचा होता आणि तिने बापाला बोलावलं होतं.

दाऊदभाईंना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांचे फोन स्पीकरवर, म्हणजे सगळ्या मजल्यासाठी असतात.

"तुझ्या आजाने बांध राखला, तू पगार घेऊन फोडतेस?"

"अब्बा, द मार्श विल प्रोटेक्ट पीपल."

"समुद्राला गवत अडवणार?"

"आपल्या खाडीत तिवरांची झाडं लाटा अडवतात ना? सेम थिंग."

"मी येणार नाही. खलास."

हे भांडण मी नकलेसकट पलीकडच्या उम्म अल हस्सम भागातल्या मराठी मंडळींना ऐकवत असे. चिखलापायी पोरीला तोडणारा हट्टी बाप, हा किस्सा मीच पसरवला. लोक हसले, मला बरं वाटलं. आता माझं वय झालंय आणि तो किस्सा खरा नाही, हे सांगून टाकायला हवं.

कारण पुढच्याच शुक्रवारी मी त्यांच्याकडे चहाला बसलो असताना त्यांनी आपणहून शाहीनला फोन लावला.

"बांध उघडेल तेव्हा कडेला उभी राहू नकोस. माती वरून घट्ट दिसते, पायाखालून जाते. तुझा आजा तसाच गेला. उधाणात फुटलेला बांध बुजवायला उतरला होता. मी दोरी धरून वर होतो."



"तुम्ही कधी सांगितलं नाहीत," ती इंग्रजीचा एकही शब्द न घालता म्हणाली.

दाऊदभाई साखर विरघळलेला चहा ढवळत राहिले.

"तू कुठे उभी राहणार?"

"काठावरच. इट्स सेफ, अब्बा. आय ॲम द इंजिनियर."

"अस तू इंजिनियर. मी येतो. तुझ्या पुढे मी उभा राहणार."