भिवाचं पसंती-यंत्र

एका जंगलात नदीकाठी एक बाभूळ होती. तिच्या फांद्या पाण्यावर वाकलेल्या, आणि फांदीफांदीला सुगरणींची घरटी लोंबकळायची.

घरटं कोण विणतं, बाळांनो? सुगरण? चूक! घरटं नर विणतो. सुगरण फक्त बघायला येते. नाव मात्र तिचं होतं. चालायचंच.

आता त्यांची रीत ऐका. मध्ये बोलायचं नाही. नराने घरटं अर्ध्यावर आणायचं. वर छप्पर, मध्ये बसायला एक आडवी दोरी, खाली सगळं उघडं. मग थांबायचं आणि शीळ घालायची. सुगरण येते, दोरीवर बसते, झोका घेते, चोचीने चार काड्या ओढून बघते. पसंत पडलं, की नराने अंड्यांची खोली करायची आणि जायला-यायला खाली लांब नळी विणायची. नाही पडलं, तर ती भुर्र. मग नराने पुन्हा पहिल्यापासून नवं घरटं विणायचं.

या बाभळीवर भिवा नावाचा नर राहायचा. गेल्या हंगामात त्याची सगळी घरटी नापास झाली होती. एकीने तर दोरीवर बसायच्या आधीच "ईऽऽ" केलं होतं. ते "ईऽऽ" भिवाच्या कानातून काही जाईना. पाणी पिताना आठवायचं, दाणे टिपताना आठवायचं. जगात कुणीतरी एकदा तरी आपल्याला "पसंत" म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. जास्त काही मागत नव्हता बिचारा.

शेजारच्या फांदीवर रंगराव होता. रंगराव म्हणजे कामाला वाघ. पहाटेपासून गवत, गवत आणि गवत.

"भिवा, चोच चालव," तो ओरडायचा. "हंगाम काय तुझ्यासाठी थांबणार आहे?"

भिवाने यंदाचं घरटं अर्ध्यावर आणलं आणि शीळ घालत बसला. कुणी येईना. तेवढ्यात वरून हणम्या वानराने त्याच्या पुढ्यात एक मोबाईल टाकला.

"धर. यात खायला काही नाही. मी चावून बघितलं," हणम्या म्हणाला.

हा मोबाईल उन्हात धरला की चालायचा. तुमचा चालणार नाही. उगाच गच्चीवर जाऊ नका.

मोबाईलमध्ये एक खेळ होता. मोठं थोरलं मोकळं माळरान, आणि त्यावर एक पक्षी. पक्ष्याकडे चोचीशिवाय काही नाही. चोचीने गवत तोडायचं. पुरेसं तोडलं की गवत तोडणारं यंत्र मिळायचं. मग त्या यंत्रापासून विणणाऱ्या यंत्रापर्यंत सरकता पट्टा टाकायचा. गवत आपलं आपण जातं, घरटं आपलं आपण विणलं जातं. आपण नुसतं बघायचं.

भिवाचे डोळे विस्फारले. "अरे देवा! म्हणजे चोच दुखायलाच नको!"

पण विणणारं यंत्र खादाड निघालं. त्याला गवत पुरेना. मग आणखी तोडणारी यंत्रं आली. त्यांना लोखंड हवं, म्हणून खाण आली. खाणीला पट्टा आला. पट्ट्याला वळण आलं. वळणावर माल अडला, म्हणून दुसरा पट्टा आला.

"एवढा एक पट्टा जोडतो आणि उठतो," भिवा म्हणायचा. मग दुसरा जोडायचा. त्याचं खरं घरटं मागे वाऱ्यावर हेलकावत होतं. तिकडे बघतो कोण!

आणि एके दिवशी सगळा कारखाना ठप्प झाला. पट्टे थांबले, यंत्रं थांबली, खाण थांबली. भिवाने शोधलं तेव्हा कळलं. पट्ट्याच्या टोकाला अर्धी घरटी खच्चून भरली होती. यंत्र रीतीप्रमाणे घरटं अर्ध्यावर आणत होतं आणि सुगरणीची वाट बघत थांबत होतं. खेळात सुगरण कुठून येणार?

दुसरा कुणी असता, तर त्याने यंत्राला सांगितलं असतं, बाबा रे, पूर्णच विणून टाक. पण भिवा पडला सुगरणींच्या कुळातला. पसंतीवाचून घरटं पुरं करायचं? छे छे! लोक काय म्हणतील?

म्हणून त्याने पसंती-यंत्र बनवलं. घरटं आलं की ते दोरीला एक झोका द्यायचं, एक काडी ओढायचं आणि मंजुळ आवाजात म्हणायचं, "पसंत!"

भिवाने ते ऐकलं आणि मोबाईल आणखी जवळ ओढला. लगेच दुसरं घरटं आलं. "पसंत!" तिसरं आलं. "पसंत!" एकही नापास नाही. एकदाही "ईऽऽ" नाही. भिवा पट्ट्याशेजारी बसून दिवसभर नुसतं ऐकत राहिला. इतकं सुख त्याला जन्मात मिळालं नव्हतं.

त्याच दिवसांत सगुणा नावाची सुगरण बाभळीवर घरटी बघायला आली. आधी ती रंगरावाकडे गेली. घरटं देखणं होतं, खोटं कशाला बोला. तिने काडी ओढली. ती जरा सैल लागली.

"अहो, एवढी घट्ट कराल का?" सगुणाने विचारलं.

"घट्ट? माझी काडी?" रंगराव कडाडला. "पहाटेपासून राबतोय मी! घ्यायचं तर घ्या, नाहीतर चालू लागा!"

सगुणा चालू लागली. पुढच्या फांदीवर भिवा मोबाईलवर मान वाकवून बसला होता.

"अहो, घरटं बघायचंय," ती म्हणाली.

"बघा ना," भिवा मान वर न करता म्हणाला. "ही काय, पट्ट्यावर ढिगाने आहेत."

सगुणाने वाकून बघितलं. "पसंत! पसंत! पसंत!" यंत्राचं चाललंच होतं. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ही कोण बया? ही तर सरसकट सगळंच पास करते! त्या घरट्याला छप्पर कुठाय?"

"असेल की."

"कुठाय ते दाखवा."

छप्पर नव्हतं. भिवाने विणणारं यंत्र उघडलं आणि दुरुस्त केलं.

"आता बघा," तो म्हणाला.

"दोरी वाकडी."

भिवाने दोरी सरळ केली.

"आता झोका बसतोय, पण तुमच्या गवताचा पट्टा तिकडे अडतोय. बाजूला सरका, मला बसू द्या."

सगुणा सरकून त्याच्या शेजारी बसली. तिने पसंती-यंत्राचे कान असे पिळले, की ते आता ऊठसूट "नापसंत" म्हणू लागलं. आणि गंमत बघा, भिवाला राग आला नाही. नापास झालं की तो यंत्र उघडायचा, ती चूक दाखवायची, तो सुधारायचा. "एवढा एक पट्टा जोडू आणि उठू," ती म्हणायची. आता म्हणणारे दोघं झाले.

हंगाम सरत आला. बाकीच्या घरट्यांतून पिलांची चिवचिव सुरू झाली. आणि एका सकाळी सगुणा एकदम ताठ झाली.

"अहो!"

"खाण अडली का?"

"खाण गेली खड्ड्यात! अंडं येतंय!"

भिवाने मान वर केली. कितीतरी दिवसांनी केली. समोर त्याचं खरं घरटं लोंबकळत होतं. अर्धं, वाळलेलं, एका बाजूला कललेलं. आता ही बघणार. आता ही "ईऽऽ" करणार आणि उडून जाणार.

सगुणा दोरीवर बसली. दोरी करकरली. तिने काडी ओढली, ती हातभर बाहेर आली.

"वाईट आहे," ती म्हणाली.

"हो," भिवा पुटपुटला.

"फारच वाईट आहे. पण त्या डब्यात मी तुमची इतकी घरटी नापास केली, तुम्ही एकदा तरी तोंड फुगवलंत का? घरटं काय, नीट करता येतं. पसंत आहे."

भिवाला वाटलं, मोबाईलच बोलला. त्याने वळून बघितलं. मोबाईल सावलीत पडून बंद झाला होता.

मग काय विचारता! भिवा नदीकाठापासून घरट्यापर्यंत जो काही उडत सुटला! तो गवत आणायचा, सगुणा आतून ओढून घ्यायची, तो पुढचं आणायला जायचा. पट्टाच झाला दोघांचा. तिन्हीसांजेच्या आत खोली झाली, नळी झाली. मग दोघं एकमेकांकडे बघून एकदमच म्हणाली, "आणि ही नळी अडली तर?"

म्हणून त्यांनी दुसऱ्या बाजूला आणखी एक नळी विणली.

बाभूळभर हसू उसळलं. रंगराव तर हसता हसता फांदीवरून घसरला. "दोन नळ्यांचं घरटं! घरटं आहे का विजार?"

चार दिवसांनी झाडावर साप चढला. सगळ्यांची पाचावर धारण बसली. रंगरावाचं घरटं रिकामं होतं, त्यामुळे साप तिकडे फिरकलाच नाही. तो भिवाच्या नळीत शिरला. सगुणाने डोळे मिटून घेतले. साप सरळ आत गेला, पुढे वाट मिळाली तसा सरळच सरकत राहिला, दुसऱ्या नळीतून बाहेर आला आणि डुबकन नदीत पडला. अंडी वरच्या खोलीत होती, ती तशीच राहिली.

"माल पुढे गेला," भिवा म्हणाला. सगुणाला इतकं हसू आलं, की घरटं हलायला लागलं.

दुसऱ्या दिवशी बाभळीवर सभा भरली. दोन नळ्यांची रीत आपल्याकडे पूर्वापार चालत आलेली आहे, असं सर्वानुमते ठरलं. ठराव रंगरावाने मांडला. हल्ली तो पोरांना दोन नळ्या विणायला शिकवतो आणि मोबाईल दिसला की ओरडतो.

तात्पर्य: कामधाम सोडून खेळत बसू नये, असं या गोष्टीतून निघायला हवं होतं. नाही निघालं, त्याला मी काय करू? मोठी माणसं तसं सांगायला आली, तर बाळांनो, उलट बोलू नका. मान डोलवा, "हो" म्हणा, आणि एवढा एक पट्टा जोडून उठा.