विहीणबाई आणि तांब्याचा बंब

प्रयागबाई रुसल्या तर लग्न वेळेवर लागत नाही, हे भगवंतरावांना सोयरीक ठरून गेल्यावर कळलं. थोरल्या मुलाच्या लग्नात बाईंना बसायला दिलेला पाट नवरीच्या मामीच्या पाटापेक्षा चार बोटं बुटका निघाला होता. तेवढ्यावरून त्यांनी सकाळचा मुहूर्त दिवेलागणीपर्यंत ताटकळत ठेवला. आता त्यांच्या धाकट्याला भगवंतरावांची ललिता द्यायची होती. शिरपूरहून प्रयागबाईंचा निरोप आला, की कंबर धरली आहे, बैलगाडीत बसणार नाही. मोटार पाठवा, आणि पोटातलं पाणी हलता कामा नये.

मोटार भगवंतरावांकडे होती. रिठदला त्यांचा भाजीचा मळा होता आणि माल रिसोडच्या बाजारी न्यायला त्यांनी ती जुनी घेतली होती. पण तिचे धक्के झेलणारे कमानीचे पाटे केव्हाच मोडले होते. भगवंतरावांच्या घरून वांगी निघतात आणि बाजारात भरीत पोचतं, असं गावात म्हणत.

रिसोडच्या हिरालालचं सायकलचं दुकान होतं. रद्दीत सापडलेल्या विलायती मासिकाचं एक पान त्यानं दुकानात खिळ्याला टांगलं होतं. त्यातल्या चित्रातली मोटार पाट्यांवर नव्हे, हवेवर बसली होती.

"पाटे कायले बसवता?" तो म्हणाला. "आसावर लॉरीचे टूप बांधू, त्याच्यावर गाडी ठिऊ. सारे धक्के हवाच झेलते."

फक्त हवा भरायला पंप आणि साठवायला टाकी, एवढंच निवडायचं होतं. त्यात आठ दिवस गेले. सायकलच्या पंपात जोर होता, पण त्यानं टूप भरेपर्यंत नागपंचमी उजाडली असती. लोहाराच्या भात्यात हवा पुष्कळ, जोर मात्र नाही. टूपनं एक सुस्कारा टाकला आणि ते पुन्हा आडवं झालं. शेवटी सेवालाल लॉरीवाल्याचा पायपंप ठरला. टाकीनं जास्त छळलं. रॉकेलचा डबा टम्म फुगून असा फाटला, की शेजारच्या म्हशीनं दोन दिवस दूध दिलं नाही. दुधाच्या कॅनचं झाकण उडून आंब्यावर जाऊन बसलं. मग हिरालालची नजर न्हाणीतल्या तांब्याच्या बंबावर गेली.

बंब भगवंतरावांच्या बायकोचा, जिजाबाईंचा, माहेरून आलेला. लग्नघरात पाहुण्यांनी न्हायचं कशात, असं त्यांनी विचारलं.

"इहीन रुसली तं पावनेच राह्यत नाहीत," भगवंतराव म्हणाले, आणि बंब गेला.

हिरालालनं झाकण कथलाचा डाग देऊन बंद केलं, वर नळी बसवून ती टूपांना जोडली, तोटी होती तशीच राहू दिली आणि बंब मोटारीच्या मागे आवळून बांधला. टाकी जितकी मोठी तितकी गाडी नरम, असं तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. बाकीचं मासिकाच्या पुढच्या पानावर छापलं असणार, पण ते पान हिरालालकडे नव्हतं.

लग्नाच्या दिवशी हिरालाल मोटार घेऊन शिरपूरला गेला. हवा एका विहिणीच्या मापाची भरली होती. पण विहीण कधी एकटी येत असते का? जाऊ, नणंद, दोन मावश्या आणि दोन करवल्या आधीच आत चढून बसल्या होत्या, आणि यांतल्या एकीला जरी उतरवलं असतं तरी रुसवा तिथूनच सुरू झाला असता. मोटार आसावर टेकली. हिरालालनं पायपंप मारमारून ती वर आणली, तोवर त्याची पिंढरी आखडली. वाटेत मात्र कमाल झाली. एवढे खड्डे, पण प्रयागबाई चक्क घोरत होत्या.

मांडवापुढे मोटार थांबली. रीत अशी, की वरमाईनं सगळ्यांच्या शेवटी, पाय धुतल्यावर उतरायचं. पहिली मावशी उतरली आणि मोटार वीतभर वर आली. दुसरी उतरली, मग जाऊ, मग नणंद, आणखी वर. टूपं फुगत होती आणि सातजणींच्या वजनाला भरलेली बंबातली हवा संपत नव्हती. करवल्या उड्या मारून उतरल्या, तेव्हा प्रयागबाईंचे पाय भगवंतरावांच्या पागोट्यासमोर आले.

भगवंतरावांनी मांडवातली बाज ओढून आणली. ते बाजेवर चढले, हिरालालच्या डोक्यावर परात ठेवली आणि त्यात विहीणबाईंचे पाय धुतले. प्रयागबाईंनी सगळा मांडव वरून पाहून घेतला. ललिताच्या मामीचं त्यांना फक्त टाळकं दिसत होतं.

"इवाई," त्या व्याह्यांना म्हणाल्या, "इतका उंच मान आमच्या भावकीत कोनाचा झाला नाही."

आणि तिथंच बसून राहिल्या. उतरायचं नावच नाही. भटजी घटका मोजत होते. खाली घ्यावं तर मान खाली आला म्हणतील, न घ्यावं तर मुहूर्त जातो. भगवंतराव रडकुंडीला आले.

जिजाबाई मोटारीमागे गेल्या. बंब त्यांचा, त्याची खोड त्यांना ठाऊक. तोटीवर हात ठेवून त्या सहज बोलल्या, "इहीनबाई, मानाची लुगडी वाटून राह्यले आत. जरीचं मावशीबाईनं हाती घेतलं वाटते."

"मले खाली घ्या," प्रयागबाई म्हणाल्या.

जिजाबाईंनी तोटी सोडली. फुस्स करत विहीणबाई सावकाश जमिनीशी आल्या आणि लुगड्यांकडे धावल्या. लग्न मुहूर्तावर लागलं. भगवंतरावांनी तर आनंदानं हिरालालला मिठीच मारली.

ऊन कलल्यावर पाठवणीची वेळ झाली. ललिता आईच्या गळ्यात पडून रडली, सगळ्यांचे डोळे ओले झाले. आणि प्रयागबाईंच्या कपाळाला एकदम आठी पडली.

"काय चुकलं, इहीनबाई?" भगवंतरावांनी हात जोडून विचारलं.

"काहीच नाही चुकलं. पोराचं लग्न पार पडलं, अन् मले रुसाले जागाच नाही ठेवली तुमी."

त्या तरातरा मोटारीत जाऊन बसल्या, पदर घट्ट लपेटला आणि तोंड फिरवलं. मग मान न वळवताच म्हणाल्या, "हिरालाल, पंप मार."