आबांच्या शेपटीमागचं गवत

ही गोष्ट सांगायला मला मनाई आहे.

कुंभोजकर बाई म्हणाल्या, "ऋजुता, पाहुणे येईपर्यंत तिसरीच्या मुलांना गप्प बसव. ससा-कासवाची गोष्ट सांग. ससा-कासवाचीच."

'ससा-कासवाचीच' असं त्या जाताना वळून पुन्हा म्हणाल्या. म्हणजे त्यांना शंका आली असावी.

पण ससा-कासवाची तुम्हाला पाठ आहे. आणि आमदारसाहेबांना यायला अजून वेळ आहे. आपल्या गावचा रस्ता फार वाईट आहे ना. त्या रस्त्यावरून साहेब दर वर्षी आपल्याच मंचावर उभं राहून कारभाराला किती झोडपतात! मागच्या वर्षी त्यांनी टेबलावर मूठ आपटली तेव्हा गुच्छ खाली पडला होता. तो मीच उचलला.

तर जरा पुढे सरका. मला मोठ्यानं बोलता येत नाही.

एका जंगलात वाघ राजा होता. तो बहुतेक वेळ झोपलेला असे. कारभार तरस बघायचा. तरस कायम हसायचा. कुणी रडत आलं तरी हसायचा. त्याचं तोंडच तसं होतं, म्हणून कुणी मनावर घेत नसे.

त्या जंगलात एक सभा होती. सतरा प्राणी तिचे सभासद होते. दर सोमवारी सकाळी ते जांभळीच्या झाडाखाली जमायचे आणि तरसानं आणलेल्या ठरावावर मत द्यायचे.

मत तोंडानं द्यायचं नाही, शेपटीनं द्यायचं, असा तिथला नियम होता. कारण तोंडानं दिलं की सगळे एकदम ओरडतात आणि कोण काय म्हणालं ते कळत नाही. ठराव मान्य असेल तर शेपटी वर करायची. मान्य नसेल तर जमिनीवर आपटायची. थप्प!

नाही कावेरी, बेडकाला मत नव्हतं. लहान असताना त्याला शेपटी होती, पण तेव्हा वय बसत नव्हतं. वय बसलं तेव्हा शेपटी गेली. त्यानं तीन अर्ज केले होते.

सभेत सगळ्यांत जुने सभासद होते एक वानर. त्यांना सगळे आबा म्हणत. बावीस वर्षं ते सभेत होते. जांभळीला टेकून एक खडक होता, त्यावर ते बसत. त्यांचा आवाज असा, की पलीकडच्या डोंगरावरची मोळीवालीसुद्धा मोळी खाली ठेवून ऐके.

"अरे तरसा!" आबा म्हणायचे. "हरणांनी सावलीत बसायला तुझी परवानगी काढायची? सावली काय तुझ्या बापानं लावली? लाज वाटत नाही? हसतोस काय!"

प्राणी आनंदानं चीत्कारायचे. डोळे पुसायचे. रानडुकराला तर हुंदका यायचा.

मग तरस म्हणायचा, "शेपट्या!"

काही शेपट्या वर जायच्या. काही थप्प थप्प आपटायच्या. तरस मोजायचा. ठराव एका मतानं पास व्हायचा.

"आपण हरलो!" आबा म्हणायचे. "पण लढलो!"

मग आबांना रानफुलांची माळ घालायचे. हे बावीस वर्षं चाललं होतं.

मतांची नोंद ठेवत नव्हते का? ठेवत होते. ती सुरक्षित राहावी म्हणून वाळवीकडे दिली होती.

आता त्या जंगलात एक टिटवी होती. टिटवी आभाळाकडे पाय करून झोपते, हे तुम्हाला माहीत आहे ना? आभाळ पडलंच तर पेलता यावं म्हणून. म्हणजे जिचा आभाळावरही भरवसा नाही, अशी ती बाई.

चैत्रात तिला अंडी घालायची होती. टिटवी घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवर खड्यांमध्ये अंडी घालते. अंडीही खड्यांसारखीच दिसतात. त्यामुळे ती कुणाच्या तरी पायाखाली जातात. ती जागा शोधत हिंडली. नदीकाठी हत्ती. माळावर हरणं. शेवटी ती सभेच्या जागी आली. त्या दिवशी सभा नव्हती.

तरस बसायचा ती बाजू सोडून तिनं एकेका सभासदाच्या बैठकीमागची जमीन निरखून बघितली. रानडुकराच्या मागे माती उडालेली. सांबराच्या मागे बारीकसा खळगा. लांडोरीच्या मागे झाडल्यासारखी धूळ.

आबांच्या खडकामागे मात्र छान गवत उगवलं होतं. गवताच्या दोन पात्यांमध्ये कोळ्यानं जाळं विणलं होतं. ते जुनं होतं, आणि कुठेही फाटलेलं नव्हतं.

टिटवीनं वर बघितलं. खडकाच्या बरोबर वर जांभळीची दाट फांदी होती. त्या फांदीत शेपटी गेली, तर समोरच्या कुणाला ती दिसणार नाही.

"अगं बाई," टिटवी म्हणाली, आणि तिथेच गवताच्या कडेला, खड्यांमध्ये चार अंडी घातली.

तीन आठवडे सगळं बरं चाललं होतं. पण पुढच्या सोमवारसाठी तरसानं नवा ठराव आणला. नदी आटून जंगलात एकच पाणवठा उरला होता. त्याला काटेरी कुंपण घालायचं. पक्ष्यांनी वरून शिरू नये म्हणून कुंपणावर ससाणे बसवायचे. आत कुणी जायचं नाही. ज्याला पाणी हवं त्यानं अर्ज करायचा.

टिटवीची पिल्लं अंड्यातून निघाली की पहिल्याच दिवशी चालतात. आणि चालतात ती सरळ पाण्याकडे. अर्जाकडे नाही.

तिनं हिशेब मांडला. आठ सभासद तरसाचे. आठ विरोधात. सतरावे आबा.

"मग काय काळजी!" रानडुक्कर म्हणालं. "आबा तर आपलेच."

टिटवी रविवारी आबांकडे गेली.

"आबा, उद्या शेपटी आपटाल ना?"

"हे काय विचारणं झालं, पोरी? बावीस वर्षं मी कुणाविरुद्ध बोलतोय?"

"बोलण्याचं नाही विचारत. आपटण्याचं विचारतेय. तुमच्या मागे गवत उगवलंय, आबा."

आबांनी मागे वळून बघितलं. तिकडे त्यांनी फार वर्षांत बघितलं नव्हतं.

"आणि ही अंडी कुणाची?"

"माझी."

"इथे कशाला घातलीस?"

"सगळ्या जंगलात एवढी सुरक्षित जागा दुसरी नाही."

आबा रागावतील असं तिला वाटलं होतं. पण ते रागावले नाहीत. अंड्यांकडे बराच वेळ बघत राहिले. मग तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "छान केलंस हो. राहू दे तिथेच."

ते इतकं गोड म्हणाले, की टिटवीला घाम फुटला.

त्या संध्याकाळी तिनं एक-एक अंडं चोचीनं ढकलत, थांबत, पुन्हा ढकलत पाणवठ्याच्या वाळूत नेलं. आबांनी उद्या शेपटी आपटायची ठरवलीच, तर त्यांना अडचण नको. पण ठराव पास झाला, तर ती कुंपणाबाहेर आणि अंडी आत. तिच्या चारही पिल्लांचा जीव आता एका थप्पवर होता.

सोमवार उजाडला.

आबांनी त्या दिवशी केलं तसं भाषण कुणी ऐकलं नव्हतं. "पाणी!" ते म्हणाले आणि थांबले. एवढ्यावरच सांबर रडायला लागलं. "अरे तरसा, उद्या श्वासाला कुंपण घालशील! परवा नाकावर ससाणा बसवशील!"

"शेपट्या!" तरस म्हणाला.

आठ शेपट्या वर गेल्या. आठ शेपट्या आपटल्या. आणि टिटवी ओरडली, "आबा, आपटा!"

सगळ्यांनी आबांकडे बघितलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच मत देताना त्यांच्याकडे कुणी बघत होतं.

आबा उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"बांधवांनो, ही शेपटी आपटण्यासाठी तडफडतेय. पण माझ्या मागे बघा! एका माउलीची चार अंडी आहेत. कारभाराला हाणायचं म्हणून मी चार कोवळे जीव चिरडू? नाही! माझ्या हातून हे पाप होणार नाही. जड अंतःकरणानं मी शेपटी वर करतो."

"धन्य!" रानडुक्कर रडत म्हणालं.

"ते खडे आहेत," टिटवी म्हणाली.

सगळ्यांच्या माना खडकामागे वळल्या.

"ते चार खडे आहेत, आबा. ते आधीपासून तिथेच आहेत. अंडी मी कालच हलवली. आपटा तुम्ही."

आबांनी वाकून बघितलं. खडेच होते. ते सरळ उभे राहिले, आणि बावीस वर्षं काय उगाच जात नाहीत.

"हलवलीस?" ते म्हणाले. "मी 'राहू दे' म्हटलं असताना हलवलीस? ऐकलंत? हिचा माझ्यावर विश्वास नाही! या पिकल्या केसांवर अविश्वास!"

"उलट आहे, आबा. तिथे ठेवली होती तो अविश्वास होता. हलवली तो विश्वास."

हे तुम्हाला कळलं ना? सभेला नाही कळलं. सभेला एवढंच कळलं, की ही बया आबांना उलट बोलतेय.

"आबांना रडवलं हिनं!" लांडोर किंचाळली.

"आगाऊ कुठली! आम्ही इथे बावीस वर्षं ऐकतोय ते काय उगाच?" सांबर म्हणालं. सांबर स्वतः दर सोमवारी शेपटी आपटत आलं होतं, बरं का.

या गडबडीत आबांची शेपटी फांदीत जाऊन पोचली होती. "नऊ विरुद्ध आठ," तरस हसत म्हणाला. "ठराव पास. कुंपण लागू."

"आता माझा एक ठराव," आबा म्हणाले. "टिटवीला हद्दपार करा."

सतराच्या सतरा शेपट्या वर गेल्या. त्या दिवशी पहिल्यांदा आबांचं तोंड आणि आबांची शेपटी एका बाजूला होती.

आता जंगलाच्या नियमात लिहिलं होतं, की हद्दपार प्राण्याला अशा जागी पाठवायचं, जिथे कुणालाही जायला परवानगी नाही. अशी जागा आधी डोंगराच्या पलीकडे होती, पण तिथे आता मोळीवाल्या जायला लागल्या होत्या.

"आता ती जागा कुठली?" तरसानं विचारलं. तो नियमाचा फार पक्का होता.

सगळ्यांनी विचार केला. कुणालाही जायला परवानगी नाही अशी जंगलात आता एकच जागा होती. तिथे जायला त्यांनीच नुकतीच मनाई केली होती.

"पण तिथे पाणी आहे," रानडुक्कर चाचरत म्हणालं.

"नियम म्हणजे नियम," तरस म्हणाला.

म्हणून दोन ससाण्यांनी टिटवीला पकडून कुंपणाच्या आत नेऊन सोडलं. पुन्हा बाहेर आलीस तर याद राख, असा दम दिला. ती मान खाली घालून वाळूपर्यंत चालत गेली, आणि अंड्यांवर बसली.

चौथ्या दिवशी पिल्लं निघाली आणि सरळ पाण्याकडे चालत गेली.

बाहेर आता अर्जाची रांग असते. रांगेत रानडुक्कर असतं, सांबर असतं, लांडोर असते. आबा रोज तिथे येतात, कुंपणाकडे पाठ करून रांगेपुढे उभे राहतात, आणि या काटेरी कारभाराविरुद्ध बोलतात. बोलून त्यांचा घसा सुकतो, म्हणून तरस त्यांना आतून द्रोणभर पाणी आणून देतो. त्यांना अर्ज लागत नाही.

पिल्लं आतून बघतात. त्यांना आबा मागूनच दिसतात.

"आई," एकानं विचारलं, "हे आजोबा कुंपणावर चिडलेत ना?"

"हो रे बाळा."

"मग यांची शेपटी का चिडत नाही?"

कावेरी, हसू नकोस एवढ्यानं. बाई बघतायत. हाकही मारतायत वाटतं.

"ऋजुता! गाडी आली गं! ताम्हण कुठाय? निरांजन विझलंय बघ!"

आले, बाई! एक मिनिट, तात्पर्य राहिलंय.

तात्पर्य : लहानांनी नेहमी थोरांच्या पाठीशी राहावं. तिथे कधीच काही आपटत नाही. म्हणून आज साहेब बोलतील तेव्हा शांत बसा, टाळ्या वाजवा, आणि रस्त्याचा विषय निघाला की कुणीतरी हळूच त्यांच्या खुर्चीच्या मागे जाऊन बघा, तिथे गवत—