नानांची वीत

दोन माणसं शेजारी बसली की मधल्या जागेवर वीत टाकून पाहायची, ही आमच्या धाडच्या नानांची खोड. महाराष्ट्र झाला त्याच साली ते मोजणी खात्यातून निवृत्त झाले. जमीन मोजायची साखळी सरकारजमा झाली, पण हाताची सवय कुठं जमा करणार? "मापलं तेच खरं, बाकी सारी हवा!" हे त्यांचं पालुपद.

माणसांमधलं अंतर मापण्याचं कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. त्यांची एकुलती एक लेक तापात गेली तेव्हापासून त्यांची बायको, आमच्या सगुणाकाकू, आतल्या खोलीत बसून होत्या. बोलणंच बंद. अंगारे-धुपारे झाले, दवाखाना झाला. शेवटी नानांनी बाजाराच्या दिवशी दुपारी ओसरीवर सतरंजी टाकली आणि ज्यांच्या घरी असंच मन मिटलेलं माणूस होतं, त्यांना बोलावून बसवलं. बायका दाराकडे, गडी खांबाकडे. काकूंनी आतून ऐकावं आणि एक दिवस बाहेर यावं, एवढीच आस. उंबऱ्याजवळची जागा ते कोणाला धरू देत नसत.

बैठक कशानं जमते, हे त्यांना मापून पाहायचं होतं. मी समोरचा शिंपी. गळा बरा म्हणून एकदा भजन म्हटलं. संपल्यावर नाना वीत टाकत फिरले. "गजा, तुह्या भजनानं माणसं मांगं सरकली बे!"

माझं तोंड एवढंसं झालं. मग त्यांनी उपदेश करून पाहिला, चहा पाजून पाहिला. माणसं जागची हलेनात. एकदा मधोमध भुईमुगाच्या शेंगा ओतल्या आणि म्हणाले, "फोडा." हात पुरेना तशी माणसं पुढं सरकली, आणि खाली मान घालून बोलायला लागली. शेवंता माळणीनं नवऱ्याचं पहिल्यांदाच सांगितलं. तो उठसूट विहिरीच्या काठावर जाऊन बसायचा. नाना वीत टाकायला उठले, तर ती मावेचना! काय हसले तेव्हा!

मग दर बाजारी शेंगा. उंबऱ्याजवळची जागा तेवढी रिकामी.

एका बाजारी सांगता सांगता शेवंताला हुंदका आवरेना. सगळ्यांचे हात थांबले. तेवढ्यात काकू दारात आल्या. राखलेल्या जागेकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही, थेट शेवंताजवळ गेल्या.

"सरक वं बाई जराशी," म्हणाल्या, आणि मूठभर शेंगा ओढून फोडायला लागल्या.

नाना खांबाला टेकून नुसते बघत होते. बैठक उठली तरी ते उठले नाहीत. मला राहवेना.

"नाना, आज मापत नाई काऊन?"

"नाई बे," ते म्हणाले. "हात थरथरून राह्यला."